हलक्या नौकेचा जमाखर्च

गेल्या महिन्यांत आमच्या भंडाऱ्याच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि या अंकाच्या लेखाचा विषय त्यानेंच आम्हांस दिला. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करीत आहेत, आणि त्यांचा ओढा आरमाराकडे आहे. ही वार्ता घरांत पसरत पसरत शेवटीं मातुःश्रींच्या कानीं गेली. मातुःश्रींनीं ऐशी वर्षें ओलांडलीं आहेत. वैनगंगेचे पूर त्यांनीं पाहिले आहेत, काशीची गंगा पाहिली आहे. समुद्र मात्र एकदांच, रामेश्वरास पाहिला. रात्रीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली असतां त्यांनीं नातवास जवळ बोलाविलें आणि एवढेंच विचारलें, "काय रे, ती बोट भक्कम असते ना?"

"आजी, अग पोलादाची असते ती. तूं मुळींच काळजी करूं नकोस," चिरंजीव उत्साहानें म्हणाले.

उत्तर खोटें नव्हतें, पण तें पुरेंही नव्हतें. मातुःश्रींनीं जें चार शब्दांत विचारलें, तेंच जहाजें बांधणाऱ्या राष्ट्रांचे मोठमोठे शिल्पज्ञ जन्मभर सोडवीत बसलेले असतात. नौका किती भक्कम करावी, कोठें भक्कम करावी, आणि तसें करतांना तिचा वेग, तिच्या तोफा व तिचा खर्च यांचें काय होऊं द्यावें, हा तो प्रश्न होय. नातू आणि आजी या दोघांसही पटेल असें कांहीं सांगतां यावें म्हणून आम्हीं एका विशिष्ट जातीच्या नौकांचा वृत्तांत मुळापासून पाहिला. ती जात म्हणजे इंग्लंडच्या आरमारांतील ‘लिअँडर’ जातीची हलकी क्रूझर. ही निवड उगीच केलेली नाहीं. या जातीच्या आठ भगिनींपैकीं एक पुढें ‘दिल्ली’ या नांवानें स्वतंत्र भारताची पहिली क्रूझर झाली, आणि जवळजवळ तीस वर्षें आपल्या ध्वजाखालीं चालली.

क्रूझर म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. आरमारांतील मोठी युद्धनौका हा जणूं चालता किल्ला असे. विनाशिका चपळ, परंतु नाजूक. क्रूझरची जागा या दोहोंच्या मधली. दूरच्या समुद्रांत एकटीनें आठवडेच्या आठवडे फिरणें, व्यापारी जहाजांचें रक्षण करणें, शत्रूचा माग काढणें, हीं तिचीं कामें. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारांत तोफा वाहणारी गुराब आणि वल्ह्यांनीं धांवणारें गलबत असा भेद होताच. प्रत्येक कामास निराळें जहाज, आणि कोणतेंही एक जहाज सर्व कामांस पुरें नाहीं, हें तत्त्व आपल्या दर्यावर्दींनींही ओळखलेलें होतें.

पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या राष्ट्रांत आरमारें वाढविण्याची चढाओढ लागूं नये म्हणून तह झाले. १९२२ च्या वॉशिंग्टनच्या तहानें क्रूझरला १०,००० टनांची व आठ इंची तोफांची मर्यादा घातली. परिणाम उलटा झाला. जो तो त्या मर्यादेपर्यंत जाऊन भिडला, आणि मोठ्या, महाग क्रूझर निघूं लागल्या. इंग्लंडला तें परवडणारें नव्हतें. त्याचे सागरी मार्ग पृथ्वीभर पसरलेले. त्याला थोड्या मोठ्या नौकांपेक्षां पुष्कळ मध्यम नौका हव्या होत्या. पुढें २२ एप्रिल १९३० रोजीं लंडनचा तह झाला, आणि त्यांत क्रूझरचे दोन वर्ग पाडण्यांत आले. ६·१ इंचांहून मोठ्या तोफा वाहणारी ती जड. तेवढ्या किंवा त्याहून लहान तोफांची ती हलकी. येथें ‘हलकी’ हा शब्द नौकेच्या वजनावरून नव्हे, तर तिच्या तोफांवरून आला आहे, हें लक्षांत ठेवावें. इंग्लंडच्या वांट्यास क्रूझरसाठीं एकंदर ३,३९,००० टन आले. त्यांपैकीं १,९२,२०० टन हलक्या वर्गाचे. सत्तर क्रूझर हव्यात म्हणणाऱ्या इंग्लंडनें पन्नासांवर समाधान मानलें.

अशा रीतीनें टनांची रक्कम ठरली, आणि त्या रकमेंत अधिकांत अधिक नौका बसविण्याचें काम शिल्पज्ञांवर पडलें. ठराविक उत्पन्नांत मोठें कुटुंब चालविणाऱ्या गृहिणीस या कामाचें मर्म चटकन् कळेल. सर्वांचें सर्व पुरविणें शक्य नसतें. कोणाचें काय थोडें कमी करावें एवढेंच ठरवावयाचें असतें.

लिअँडर जातीची नौका सुमारें ७,००० टनांची. लांबी ५५४ फूट, रुंदी ५६ फूट. चार बुरुजांत दोन दोन अशा सहा इंची आठ तोफा. त्यांचा एक गोळा सुमारें ५१ किलो वजनाचा. विमानांवर मारा करण्यास चार इंची तोफा, आठ पाणतीर-नळ्या, आणि टेहळणीसाठीं एक लहान विमान. सहा बॉयलर व चार टर्बाइनें मिळून ७२,००० अश्वशक्ति, आणि वेग साडेबत्तीस नॉट, म्हणजे तासास सुमारें ६० किलोमीटर. वर साडेपांचशेंहून अधिक माणसांची वस्ती. हें सगळें देऊन झाल्यावर चिलखतासाठीं जें वजन उरलें तें शिल्पज्ञांनीं विचारपूर्वक वांटलें. यंत्रांच्या बाजूंस सुमारें चार इंच, दारूगोळ्याच्या कोठारांभोंवतीं साडेतीन इंच, आणि तोफांच्या बुरुजांस अवघा एक इंच. कोठार उडालें तर सारी नौकाच जाईल, बुरूज गेला तर तेवढाच जाईल, असा हा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. परंतु बुरुजांतही माणसेंच असतात.

आणखी एक काटकसर अशी. पहिल्या पांच नौकांत सर्व बॉयलर पुढें एकत्र व सर्व टर्बाइनें मागें एकत्र ठेविलीं. धुराचे सर्व मार्ग एकाच रुंद धुराड्यांत आणले, त्यामुळें या नौका दुरूनही ओळखूं येत. परंतु बॉयलरांच्या भागांत वर्मीं घाव बसला तर सारी नौका एकदम पांगळी होण्याचें भय राहिलें. तें ध्यानीं येऊन पुढच्या तीन नौकांत बॉयलर व टर्बाइनें यांचे दोन स्वतंत्र संच केले. एक गेला तरी दुसरा चालावा. त्या तिघींना म्हणून दोन धुराडीं. या तीन नौका पुढें ऑस्ट्रेलियाच्या आरमारांत ‘पर्थ’, ‘होबार्ट’ व ‘सिडनी’ या नांवांनीं गेल्या. पहिल्या पांचांचीं नांवें ‘लिअँडर’, ‘अकिलीझ’, ‘एजॅक्स’, ‘नेपच्यून’ आणि ‘ओरायन’.

आतां वाचक विचारतील कीं, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या जिल्ह्याचा या सगळ्याशीं संबंध काय? आमच्या लिहिण्याच्या मेजावर कागद उडूं नयेत म्हणून एक काळा दगड ठेवलेला असतो. आकारानें मुठीएवढा, परंतु उचलावयास गेलें तर हात खालीं येतो. तुमसरच्या बाजूस चिखला किंवा डोंगरी बुजुर्ग येथें ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांस हा दगड ओळखीचा आहे. तें मँगेनीजचें खनिज होय. मध्यप्रांतांत तें काढण्यास १९०० च्या सुमारास प्रारंभ झाला, आणि थोड्याच वर्षांत नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्याचें नांव जगाच्या बाजारांत झालें. आज या खाणी मॉईल या सरकारी कंपनीकडे आहेत. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणींतील खनिज विजेरीच्या कोरड्या घटांसही उपयोगीं पडतें.

मँगेनीजचें पोलादाशीं नातें मात्र फार जुनें. लोखंडांत गंधक राहिलें, तर तापवून ठोकतांना तें तडकतें. मँगेनीज त्या गंधकाशीं संयोग पावून त्याचा उपद्रव घालवितें, वितळलेल्या धातूंतील प्राणवायु काढून घेतें, आणि पोलादास कणखरपणा देतें. बेसेमर यांनीं १८५६ सालीं स्वस्त पोलाद करण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, तेव्हां पुष्कळांच्या हातीं तें ठिसूळ निघूं लागलें. मशेट यांनीं त्यांत मँगेनीजयुक्त लोखंड घालण्याची युक्ति काढली, तेव्हां ती रीत व्यवहारांत टिकली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत ब्रिटिश युद्धनौकांच्या सांगाड्यांसाठीं मँगेनीजचें प्रमाण वाढविलेलें ‘ड्युकॉल’ नांवाचें पोलाद वापरांत आलें. तें अधिक बळकट असल्यामुळें पत्रा पातळ घेतला तरी चाले, आणि वांचलेलें वजन तोफांस किंवा यंत्रांस देतां येई. इतका जड दगड, आणि त्याचा उपयोग नौका हलकी करण्यास व्हावा, हें आम्हांस मोठें कौतुकाचें वाटतें.

आपल्या प्रांतांतील हें खनिज इंग्लंडच्या भट्ट्यांकडे जात असे. तें बंदरास लवकर पोंचावें हाही रायपूर–विजयानगरम् रेल्वेचा आणि विशाखापट्टणमच्या नव्या बंदराचा एक मोठा हेतु होता. रेल्वे १९३१ सालीं पुरी झाली, आणि बंदर १९३३ च्या ऑक्टोबरांत मोठ्या जहाजांस खुलें झालें. त्याच ऑक्टोबरच्या १० तारखेस इंग्लंडांत बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड या कारखान्यांत बांधलेली ‘अकिलीझ’ आरमारांत रुजू झाली. पुढील हकीकत मुख्यत्वें हिचीच आहे.

युद्ध सुरू होण्यापूर्वींच ‘अकिलीझ’ न्यूझीलंडच्या ताफ्यांत गेली होती, आणि तिच्या खलाशांत त्या देशाचीं मुलें पुष्कळ होतीं. सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें तेव्हां जर्मनीची ‘ॲडमिरल ग्राफ श्पे’ ही नौका अगोदरच अटलांटिक महासागरांत येऊन राहिली होती. अकरा इंची सहा तोफा, आणि एकेक गोळा ३०० किलोंचा, म्हणजे लिअँडर जातीच्या गोळ्याच्या जवळजवळ सहापट. जी आपल्याहून बलवान् तिच्यापासून पळून जावें आणि जी आपल्याहून वेगवान् तिला बुडवावें, अशा बेतानेंच ती बांधलेली होती. तीन महिन्यांत तिनें नऊ व्यापारी जहाजें बुडविलीं. तथापि तिचे कप्तान हान्स लांग्सडॉर्फ हे थोर मनाचे गृहस्थ होते. त्या नऊ जहाजांवरील एकाही माणसाचा प्राण त्यांनीं जाऊं दिला नाहीं.

१३ डिसेंबर १९३९ च्या प्रातःकाळीं दक्षिण अमेरिकेंतील प्लेट नदीच्या मुखाबाहेरील समुद्रांत कमोडोर हारवुड यांच्या तीन क्रूझरांशीं तिची गांठ पडली. ‘एक्झीटर’ ही आठ इंची सहा तोफांची जड क्रूझर. ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीझ’ या हलक्या. हारवुड यांनीं तिघींना एकत्र ठेविलें नाहीं. ‘एक्झीटर’ एका बाजूनें व दोघी हलक्या दुसऱ्या बाजूनें अशा चालून गेल्या, म्हणजे शत्रूला आपला मारा विभागणें भाग पडावें. सव्वासहाच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. ‘एक्झीटर’वर अकरा इंची गोळ्यांचा वर्षाव होऊन तिचे बुरूज बंद पडले, ६१ माणसें गेलीं, आणि ती लढाईंतून बाजूस झाली. ‘एजॅक्स’च्या मागच्या बाजूस एक गोळा बसला आणि तिचे दोन बुरूज निकामी झाले, तेथें सात जण गेले.

‘अकिलीझ’वर प्रत्यक्ष गोळा बसला नाहीं. एक गोळा तिच्याजवळ पाण्यावर फुटला आणि त्याचे तुकडे वर उडाले. तोफांचा नेम जेथून ठरवितात तो मनोरा नौकेवर उंचावर असतो. उंचावर जड पत्रा घातला तर नौका डोलूं लागते, म्हणून तेथें तो पातळ. ते तुकडे त्या मनोऱ्यांत आणि कप्तानांच्या माचीवर शिरले. चार खलाशी ठार झाले, आणि कप्तान विल्यम एडवर्ड पॅरी यांच्या पायांस जखमा झाल्या. मनोऱ्यांत जे वांचले त्यांनीं मृत सोबत्यांच्या शेजारींच आपलीं कामें चालूं ठेविलीं. त्या दिवशीं ‘अकिलीझ’नें दोनशेंहून अधिक वेळां आपल्या तोफांची सरबत्ती केली.

हलक्या दोघींच्या गोळ्यांनीं ‘ग्राफ श्पे’ बुडण्यासारखी नव्हती. परंतु त्या वेगानें सरस होत्या, त्यांनीं पाठ सोडली नाहीं, आणि दिवसभर तिच्या मागें राहून तिला माँटेव्हिडिओच्या बंदरांत शिरावयास लाविलें. तिच्यावर ३६ माणसें मेलीं होतीं. बाहेर मोठें आरमार जमलें आहे अशी समजूत होऊन लांग्सडॉर्फ यांनीं १७ डिसेंबर रोजीं, उरलेल्या खलाशांस मृत्युमुखीं लोटण्यापेक्षां, आपली नौका आपल्याच हातानें उडवून दिली. तीन दिवसांच्या आंत त्यांनीं स्वतःचाही अंत करून घेतला. शत्रुपक्षाचा असला तरी अशा पुरुषाची हकीकत वांचून मन खिन्न होतें.

या विजयामुळें लिअँडर जातीची कीर्ति सर्वत्र झाली. परंतु केवळ कीर्ति सांगून थांबणें म्हणजे जमाखर्चाची जमेची बाजूच वांचून दाखविण्यासारखें होईल. खर्चाची बाजू अशी. ‘ओरायन’ मे १९४१ मध्यें क्रीट बेटांतून सैनिकांस सोडवून आणीत असतां विमानांच्या बॉम्बांखालीं सांपडली. दाटीवाटीनें भरलेल्या त्या नौकेवर सुमारें २६० माणसें मेलीं. ‘सिडनी’ १९ नोव्हेंबर १९४१ रोजीं व्यापारी जहाजाचें सोंग घेतलेल्या ‘कोर्मोरान’ या जर्मन नौकेच्या फार जवळ गेली. दोन्ही जहाजें बुडालीं. ‘सिडनी’वरील ६४५ माणसांपैकीं एकही परत आला नाहीं, आणि तिचा सांगाडा सांपडण्यास २००८ साल उजाडावें लागलें. बरोबर एका महिन्यानें, १९ डिसेंबरास, ‘नेपच्यून’ त्रिपोलीजवळ पाणसुरुंगांच्या पट्ट्यांत शिरली. साडेसातशेंहून अधिक माणसांतून एकच जण वांचला. ‘पर्थ’ १ मार्च १९४२ च्या पहाटेपूर्वीं सुंदाच्या सामुद्रधुनींत, दारूगोळा संपत येईपर्यंत जपानी ताफ्याशीं लढून बुडाली, आणि तिजवरील साडेतीनशेंवर माणसें गेलीं. ‘लिअँडर’ला जुलै १९४३ मध्यें कोलोम्बांगाराच्या लढाईंत बॉयलरांच्या भागांतच पाणतीर बसला. शिल्पज्ञांस ज्याचें भय होतें तोच हा घाव. तरी खलाशांनीं ती तरती ठेविली. आठवडाभरानें ‘होबार्ट’लाही पाणतीर लागला. आठांपैकीं तीन तळाशीं गेल्या, आणि त्या तिघींबरोबरच सतराशेंहून अधिक माणसें.

‘अकिलीझ’ही पुन्हां सुटली नाहीं. जानेवारी १९४३ मध्यें ग्वादलकनाल बेटाजवळ एका जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या मागच्या एका बुरुजावर पडला. वर सांगितलेला तो एक इंची पत्रा. तेरा माणसें जागच्या जागीं गेलीं. दुरुस्तीसाठीं ती इंग्लंडांत पोर्ट्समथच्या गोदींत नेली. तेथेंही जूनमध्यें स्फोट होऊन १४ कामगार मृत्यु पावले. मोडलेला बुरूज काढून टाकून त्याच्या जागीं विमानविरोधी तोफा बसविण्यांत आल्या. शत्रु आतां समोरून नव्हे, वरून येत होता. आठाच्या सहा तोफा झाल्या, आणि त्या सहांनिशीं ती १९४५ मध्यें प्रशांत महासागरांत जपानविरुद्धच्या अखेरच्या मोहिमेंत गेली.

युद्ध संपलें. न्यूझीलंडनें १९४६ सालीं ती इंग्लंडास परत केली, आणि ५ जुलै १९४८ रोजीं ती भारताच्या आरमारांत ‘दिल्ली’ या नांवानें दाखल झाली. त्याच सप्टेंबरांत ती मुंबईस आली. येथें एक विलक्षण योग घडून आला. आपल्या आरमाराचे प्रमुख म्हणून त्याच वर्षीं जे इंग्रज अधिकारी नेमले गेले, ते व्हाइस ॲडमिरल सर विल्यम एडवर्ड पॅरी होत. ज्या नौकेवर त्यांचे पाय जखमी झाले, तीच त्यांना येथें मुंबईच्या बंदरांत पुन्हां भेटली. त्यांच्यानंतर आणखी दोन इंग्रज प्रमुख झाले, आणि १९५८ च्या एप्रिलमध्यें व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी हे पहिले भारतीय प्रमुख झाले.

१९५३ सालीं इंग्लंडांत राज्यारोहणानिमित्त झालेल्या आरमारी संचलनास ‘दिल्ली’ गेली. प्लेट नदीच्या लढाईवर १९५६ सालीं पडद्यावर आलेल्या इंग्रजी चित्रपटांत तिनेंच ‘अकिलीझ’ची, म्हणजे आपली स्वतःचीच, भूमिका केली. १९५७ सालीं तिच्या जोडीस ‘म्हैसूर’ आली. तीही मूळची ‘नायजेरिया’ नांवाची हलकी क्रूझर, परंतु पुढच्या पिढीची व अधिक तोफांची. डिसेंबर १९६१ मध्यें गोव्याच्या मुक्तीसाठीं सैन्य निघालें, तेव्हां ‘म्हैसूर’ अंजदीव बेटापाशीं व ‘दिल्ली’ दीवच्या किनाऱ्यासमोर होती. दीवला ‘दिल्ली’च्या तोफांनीं आपल्या सैनिकांस साह्य केलें, अंजदीवला मात्र बेटावर उतरलेल्या आपल्या सात नौसैनिकांचे प्राण गेले. उत्तर वयांत ‘दिल्ली’वर नव्या अधिकाऱ्यांचें शिक्षण चाले. ३० जून १९७८ रोजीं ती सेवेंतून निवृत्त झाली व पुढें मोडण्यांत आली. तिचा एक बुरूज भारतानें न्यूझीलंडास भेट दिला, आणि तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट येथील आरमारी तळावर आजही उभा आहे.

हा सर्व वृत्तांत आम्हीं मातुःश्रींस दोन रात्रीं बसून सांगितला. चिरंजीव शेजारीं होतेच. आमच्या पणजोबांच्या काळीं असा प्रश्न निराळ्या रीतीनें विचारला गेला असता. समुद्रोल्लंघन कलिवर्ज्य मानलेलें. १८८३ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या तेव्हां त्यांना केवढा लोकापवाद सोसावा लागला हें सर्वश्रुत आहे. बोट भक्कम आहे कीं नाहीं हें त्या काळीं कोणी विचारीत नसे. जात राहते कीं जाते एवढेंच पाहात. तें भय आतां गेलें. उरलें तें आजीचें भय, आणि तें आम्हांस अधिक खरें वाटतें. त्याला शास्त्रार्थाची ढाल नाहीं.

सगळें ऐकून घेतल्यावर मातुःश्री बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे सगळीकडे जाड पत्रा घालतांच येत नाहीं."

"नाहीं, आई. सगळीकडे जाड केली तर ती चालणार नाहीं," आम्हीं म्हणालों.

"मग तसेंच सांगावें. भक्कम आहे म्हणून सांगूं नये." आणि नातवाकडे वळून, "तूं कुठल्या जागीं उभा राहणार, तें विचारून घे. आणि मला कळव."

मातुःश्रींच्या या बोलण्यांत आमच्या सर्व वाचनाचें सार आलें असें आम्हांस वाटतें. ज्या घरांतून मुलें व आतां मुलीही आरमारांत जाऊं पाहतात, तेथें दोन प्रकारचीं माणसें आढळतात. एक, ज्यांना समुद्र म्हटला कीं बुडणेंच दिसतें, आणि जीं मुलाचा मार्ग अडवून बसतात. दुसरीं, ज्यांना पराक्रमाच्या गोष्टी तेवढ्या ठाऊक असतात, आणि जीं मुलास हार घालून निरोप देतात. दोघांचीही चूक एकच; नौकेचा पत्रा कोठें जाड व कोठें पातळ हें दोघांनींही पाहिलेलें नसतें. लिअँडर जातीच्या नौका दुबळ्या नव्हत्या. ठरलेल्या वजनांत त्यांनीं केलें तेवढें काम क्वचितच कोणत्या जातीनें केलें असेल. परंतु जें वजन वांचविलें त्याची किंमत कोणींतरी दिली, आणि ज्यांनीं दिली त्यांचींही घरें होतीं, तेथेंही ओसऱ्या असतील व आज्या असतील. एवढें जाणून जो संमति देतो त्याचीच संमति खरी. आणि एवढें जाणून जो जातो तोच उद्यां पातळ पत्र्यामागेंही आपली जागा सोडणार नाहीं.

‘दिल्ली’ हें नांव आज ज्या विनाशिकेस आहे ती मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली असून १९९७ सालीं नौदलांत दाखल झाली. नौका विकत घेण्यापासून नौका बांधण्यापर्यंत आपण आलों, ही संतोषाची गोष्ट आहे. पण मर्यादित वजन सर्व कामांत वांटण्याचा प्रश्न माझगांवच्या शिल्पज्ञांनाही चुकलेला नाहीं.

असो. चिरंजीवांची परीक्षा जवळ आली आहे. मेजावरचा काळा दगड त्यांनीं अभ्यासाच्या खोलींत नेला आहे, आणि आमचे कागद सध्यां पितळी अडकित्त्याखालीं आहेत.